शब्दचर्चा : सुरा, कट्यार, खंजीर, बिचवा, कोयता

प्रश्न : लढण्यासाठी वापरायच्या मोठ्या चाकूला मराठीत नेमका शब्द कोणता? सुरा, खंजीर, जंबिया, कट्यार हे सगळे एकमेकांच्या जागी छापलेले दिसतात. लांबीवरून फरक करायचा का? आणि पुण्याच्या बातम्यांत सतत येणारा कोयता यात बसतो का?

उत्तर : लांबी मोजत बसलात तर फारसे काही हाती लागणार नाही. आधी मूठ बघा, मग त्या हत्याराबरोबर कोणते क्रियापद येते ते बघा. या दोन गोष्टींवरून आपल्या शब्दांचा निम्माअधिक गुंता सुटतो.

कट्यारीपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी शस्त्रे आहेत. तिथे किंवा दुसऱ्या कुठल्या संग्रहालयात कट्यार बघायला मिळाली, तर पात्याकडे नंतर बघा, आधी मूठ बघा. दोन उभ्या पट्ट्या आणि त्यांना जोडणारे दोन आडवे दांडे. हे आडवे दांडे मुठीत धरायचे, म्हणजे उभ्या पट्ट्या मनगटाच्या दोन्ही बाजूंना येतात आणि पाते थेट कोपरापासूनच्या रेषेत पुढे निघते. चाकूसारखे ते मुठीच्या वर किंवा खाली येत नाही. त्यामुळे कट्यारीचा वार म्हणजे ठोसाच. खांद्याची आणि अंगाची सगळी ताकद टोकामागे उभी राहते. बऱ्याच कट्यारींचे टोक मुद्दाम जाड ठेवलेले असते, ते जाळीच्या चिलखताच्या कड्या फोडण्यासाठी. मनगट वळवून चिरायला हे हत्यार गैरसोयीचे. म्हणून मराठीत कट्यार खुपसतात, ती घुसते. 'कट्यारीने सपासप वार केले' असे वाक्य ऐतिहासिक कादंबरीत दिसले की लेखकाने ती हातात धरून पाहिलेली नाही असे मी समजतो.

कट्यारीचे घर दक्षिणेत. विजयनगरच्या काळापासून ती तिकडे ठळकपणे दिसते, तमिळमध्ये तिला कट्टारी म्हणतात. तंजावरच्या मराठ्यांच्या शस्त्रागारातल्या कट्यारी तर कारागिरीसाठी जगभरच्या संग्रहालयांत पोहोचल्या आहेत. तिकडच्या काही कट्यारींना युरोपातून आलेल्या तलवारींची पाती कापून बसवलेली असत. म्हणजे पाते परदेशी आणि मूठ इथली. तरीही नाव कट्यारच राहिले, कारण नाव मुठीचे होते.

खंजीर याच्या अगदी उलट. फारसी-अरबीतला खंजर मराठीत येताना खंजीर झाला. दुधारी, बहुधा बाक असलेले पाते आणि साधी उभी मूठ. तो उलट्या मुठीतही धरता येतो, म्हणजे पाते करंगळीच्या बाजूने खाली. 'पाठीत खंजीर खुपसणे' या वाक्प्रचारात मला तीच पकड दिसते. १९७८ साली वसंतदादा पाटील यांचे सरकार कोसळले, तेव्हापासून राज्याच्या राजकारणात हा वाक्प्रचार असा रुजला की आता वर्तमानपत्रांत खंजीर बहुतेक पाठीतच सापडतो. जंबिया अरबी, 'जंब' म्हणजे कूस, बाजू. कमरेला खोचायचा म्हणून हे नाव. येमेनमध्ये तो आजही पोशाखाचा भाग आहे. पेशकब्ज फारसी. त्याच्या पाठीचा छेद इंग्रजी टी अक्षरासारखा, म्हणजे पाते अरुंद असूनही वाकत नाही आणि चिलखतात शिरते. त्यातला 'कब्ज' म्हणजे पकड. तलवारीच्या मुठीला कब्जा म्हणतात आणि आपण जमिनीचा कब्जा घेतो, तोही याच कुळातला.

प्रतिसाद : सभासद बखरीत अफझलखानाच्या हातात कट्यार नसून जमदाड आहे. ती वेगळी का?

उत्तर : चांगली आठवण काढलीत. राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिलेल्या या बखरीत १० नोव्हेंबर १६५९ च्या भेटीच्या प्रसंगात तीन शब्द येतात. खानाकडे जमदाड, शिवाजी महाराजांकडे वाघनख आणि बिचवा. जमदाड हे बहुतेक अभ्यासकांच्या मते कट्यारीच्याच घरातले नाव आहे. आईन-ए-अकबरीतल्या शस्त्रांच्या यादीत जमधर आहे. कोणी त्याची फोड 'यमाची दाढ' अशी करतात, कोणी 'यमाची धार' अशी. मराठीने दाढ उचलली आणि ती टोचणाऱ्या हत्याराला शोभतेही. आता प्रसंग बघा. खानाने महाराजांची मान काखेत धरलेली, अंतर शून्य, तलवार उपसायला जागा नाही. अशा वेळी कुशीत ठोसा मारावा तसे चालवता येईल असेच हत्यार हवे. बखरकाराचा शब्द आणि शरीराची स्थिती दोन्ही जुळतात. मला ही बखर म्हणूनच विश्वासाची वाटते. लिहिणाऱ्याला शस्त्रे माहीत होती.

बिचव्याबद्दल थोडे. नागमोडी दुधारी पाते, विंचवाच्या नांगीसारखे वळलेले, आणि मूठ म्हणजे बोटे आत घालायची कडी. कडीमुळे झटापटीत हत्यार हातातून निसटत नाही. काही बिचव्यांना मुठीजवळ वाघनखेही जोडलेली असतात. आपल्याकडे वृश्चिकाचा विंचू झाला, हिंदीत बिच्छू. मराठीने आपल्या विंचवावरून शब्द घडवला असता तर सुरुवातीला व राहिला असता. ब आहे, अर्थात शब्द उत्तरेकडून आला. वस्तू मात्र पूर्णपणे दख्खनी होऊन गेली.

प्रतिसाद : मग सुरा तरी आपला का? हिंदीतला छुरा तोच ना?

उत्तर : तोच, पण उसना नाही. संस्कृतात क्षुर म्हणजे वस्तरा, छुरिका म्हणजे सुरी. हिंदीत जिथे छ टिकला तिथे मराठीत पुष्कळदा स झाला. पूछना आणि पुसणे, मछली आणि मासळी, छुरी आणि सुरी. हा बदल शेकडो वर्षांचा आहे, तेव्हा सुरा अस्सल मराठी. (संस्कृतातली मद्यवाचक सुरा वेगळी, तिचा इथे संबंध नाही.) शिवाय मराठी लिंगावरून आकार सांगते. डबा-डबी, कोयता-कोयती, तसे सुरा-सुरी. स्वयंपाकघरात सुरी. तीच हातभर मोठी, एका बाजूला धार, निमुळते टोक, साधी मूठ, की झाला सुरा. तो भोसकता येतो आणि चिरताही येतो. मूळ प्रश्नातल्या 'लढायच्या मोठ्या चाकू'ला सर्वसाधारण शब्द हवा असेल तर हाच. चाकू फारसीमार्गे आलेला आणि आपल्या कानाला लहानच वाटतो. 'मोठा चाकू' लिहिण्याची गरज मला कधीच पटलेली नाही.

आता कोयता. त्याची धार आतल्या बाजूला, पाते पुढे वळलेले आणि वजन टोकाकडे. तो भोसकता येत नाही, तोडतो. ऊस, नारळ, फांद्या यांच्यासाठी घडवलेला. रविवार पेठेत बोहरी आळीच्या दुकानांत तो खुरपी-विळ्यांच्या शेजारी टांगलेला असतो आणि खंडेनवमीला त्यालाही हळदकुंकू लागते. ऊसतोडीच्या व्यवहारात तर 'कोयता' म्हणजे माणसे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा मजूर म्हणजे अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे. बीडसारख्या जिल्ह्यांतून दरवर्षी लाखो माणसे या मापात मोजली जाऊन कारखान्यांकडे निघतात. गेल्या काही वर्षांत पुण्यात पोरांनी कोयते नाचवून दहशत माजवली, माणसे जखमी केली, आणि 'कोयता गँग' हा शब्द मथळ्यांत पक्का झाला. बातमी द्यायलाच हवी. पण नुसते 'कोयतेवाले', 'कोयत्यांचा सुळसुळाट' असे लिहू नये असे मला कळकळीने वाटते. ज्यांच्या घरात पोटासाठी कोयता धरतात त्यांचा तो शब्द आहे. 'टोळी', 'हल्लेखोर' हे शब्द भाषेत आहेतच. कोयता लढाऊ सुऱ्यांच्या यादीत मी धरणार नाही.

प्रतिसाद : लढण्याच्या क्रियेचे शब्द कुठे गेले? पवित्रा वगैरे.

उत्तर : ते आपण रोज बोलतो. पवित्रा म्हणजे पायांची आणि अंगाची लढण्याची ठेवण, आज सरकारही 'कडक पवित्रा' घेते. हातघाई म्हणजे अंतर मिटून हातांवर आलेली लढाई. तलवारी मागे पडतात आणि कट्यार-बिचवा बाहेर निघतात ती हीच वेळ. दांडपट्टा हाताला बांधून सतत फिरवायचा असतो, त्यावरून तोंडाचा पट्टा सुरू होतो. तलवार परजतात, म्हणजे उगारून तोलतात. सुरा कोणी परजत नाही. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांच्या आखाड्यांत यातले बरेच शब्द अजून मूळ अर्थाने वापरात आहेत.

प्रतिसाद : मी बुई नाइफवरच्या लेखाचे भाषांतर करतो आहे. त्यात जर्मन 'लांगेस मेसर' पण आहे. खंजीर चालेल?

उत्तर : चालणार नाही. अमेरिकेतला जिम बुई १८२७ मध्ये मिसिसिपी नदीतल्या वाळूच्या बेटावरच्या झटापटीत गोळ्या आणि वार खाऊनही मोठ्या सुऱ्याने लढला, तिथून त्याच्या नावाच्या सुऱ्याची ख्याती सुरू झाली. तेव्हाचे पिस्तूल एक गोळी सुटली की रिकामे, कधी तेवढीही सुटत नसे. म्हणून कमरेला सुरा. १८३७ मध्ये अलाबामाने त्याच्या विक्रीवर जबर कर बसवला, १८३८ मध्ये टेनेसीने विक्रीच बंद केली. एकधारी पाते, साधी मूठ. सरळ 'बुई सुरा' लिहा.

मेसरचे उदाहरण तर आपल्या चर्चेसाठी बहुमोल आहे. जर्मनमध्ये मेसर म्हणजे सुरी. लांगेस मेसर तलवारीएवढे लांब असते, योहानेस लेकुखनर या धर्मगुरूने १४८२ मध्ये त्याच्या डावांवर मोठे सचित्र हस्तलिखित तयार केले, तरी नाव सुरीचेच. कारण मूठ. तलवारीच्या मुठीत पात्याची दांडी आत जाऊन शेवटी गोळ्याने बंद होते. मेसरची मूठ मात्र दोन फळ्यांमध्ये पात्याचा सपाट भाग धरून खिळ्यांनी ठोकलेली, स्वयंपाकाच्या सुरीला असते तशीच. 'लांब सुरा' लिहा. तलवार लिहिलीत तर त्या दोन फळ्या आणि खिळे वाचकाला दिसणारच नाहीत.