सीमाभागातली पोरं: दोन भाषांचं भांडवल की ओझं?

उद्यमबागवाला:
बेळगावच्या पोरांनी आपलं वेगळेपण लपवणं आता सोडावं. पुण्यात मुलाखतीला गेलं की हेल दाबायचा, बंगळूरला गेलं की आडनाव तोंडातल्या तोंडात सांगायचं, कशासाठी? आमच्या फाउंड्रीत मध्यंतरी कास्टिंगला ब्लो होल, म्हणजे आत अडकलेल्या वाफेची भोकं, पडायला लागले. पुण्याच्या गिऱ्हाइकाला फोनवर मराठीत शांत करायचं, लगेच मोल्डिंगवर, वाळूचे साचे करतात तिथं, जाऊन गोकाकच्या कामगाराला कन्नडमध्ये दाखवायचं, की वाळूत ओल जास्त झालीय, वाफेला बाहेर पडायला वाट राहिली नाही. भट्टीवरच्या बिहारी पोराशी हिंदी. हे सगळं एकटा सुपरवायझर करतो, खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतला. त्याच्याहून जास्त मार्कांचे दोघं आले होते, मालकांनी यालाच ठेवलं.
आणि हे आजचं नाही. धारवाडचे बेंद्रे घरी मराठी, कविता कन्नड, १९७३ चं ज्ञानपीठ. कुमार गंधर्व १९२४ साली आपल्या सुळेभावीत कन्नड घरात जन्मले, आणि त्यांचे अभंग ऐकत मराठी घरांत सकाळ होते.

रांगेतला खानापूरकर:
बेंद्रे आणि कुमारांना जरा सुट्टी द्या हो. दर चर्चेत या दोघांना उभं करतात. त्यांच्यावर कुणी सक्ती केली नव्हती.
वडील गेल्यावर वारसा नोंदीला आई कचेरीत गेली. उतारा कन्नडमध्ये, अर्ज कन्नडमध्ये. बाहेर बसणाऱ्याला पैसे देऊन अर्ज लिहून घेतला. त्यात धाकट्या भावाचं नाव चुकलं, ते कळलं पीककर्ज अडलं तेव्हा. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांवर असतील तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे १९५६ पासून कागदावर आहे. आमच्या गावात मराठी किती, ते तुम्हाला सांगायला नको. तुमचं वेगळेपण मालकाच्या कामाचं, म्हणून त्याचं कौतुक.

निपाणीचा तंबाखूवाला:
तीन भाषा बोलतोय म्हणून सुपरवायझरला पगार तिप्पट देत्यात काय वो?

उद्यमबागवाला:
तिप्पट कुठला, इतरांइतकाच. पण तो उद्या सोडून गेला तर त्याच्या जागी तीन माणसं लागतील, हे मालकांना पक्कं ठाऊक आहे. त्याने तोंड उघडून मागावं, एवढंच माझं म्हणणं. लाजत बसणाऱ्याला कोण देतो?
खानापूरकर, मराठी कागद मागूच नका असं मी कुठं म्हटलं? मागा, भांडा. पण तोवर धाकट्याला कन्नड वाचायला शिकवा, लिहिणाऱ्याचे पैसे तरी वाचतील.

रांगेतला खानापूरकर:
धाकटा कन्नड फाडफाड वाचतो, शाळेत होतीच. म्हणून तर त्याला गोव्यातल्या हॉटेलात काम मिळालं, तिकडं कर्नाटकातली गिऱ्हाइकं येतात. हा तुमचाच मुद्दा झाला, घ्या. पण कचेरीत तो नव्हता, आई होती. तिने त्या कागदावर न वाचता अंगठा दिला. तिचं वेगळेपण कुठल्या मालकाला दाखवू?