मदत हवी आहे: कंबर आणि माकडहाडाच्या बाजूच्या दुखण्यासाठी कोणता पट्टा घ्यावा?

शेवंती
नमस्कार. कमरेचा पट्टा घ्यायचा आहे, जाणकारांनी लवकर सांगा. कंबर अगदी खाली दुखते, माकडहाडाच्या जरा वर, उजवीकडे जास्त. डॉक्टरांनी कागदावर 'एलएस बेल्ट' एवढंच लिहून दिलं. दुकानात त्या नावाने जो रुंद पट्टा मिळाला तो खाली बसलं की वर सरकतो, बरगड्यांना टोचतो आणि जिथे दुखतं तिथे पोचतच नाही. परतही घेत नाहीत. ऑनलाइन बघायला गेले तर सॅक्रो लंबर, एसआय बेल्ट, कोर्सेट, मॅग्नेटवाला, डोकं चक्रावलं. गणपतीला एसटीने चिपळूणला जायचंय, त्याआधी हवा. 'डॉक्टरांना दाखवा' असं कृपया सांगू नका, दाखवून झालंय. पट्ट्याचं नाव आणि साइज, एवढंच हवंय.

गिरणगावचा
माझी एल४-एल५ची, म्हणजे कमरेच्या खालच्या दोन मणक्यांमधली गादी सरकली होती. रुंद पट्टा घ्या, मागे कडक पट्ट्या असलेला. टायनॉर, विस्को, फ्लेमिंगो, कुठलाही चालेल. मी आंघोळ झाली की बांधायचो तो रात्री जेवण होईपर्यंत. परळ ते अंधेरी उभ्याने प्रवास त्याच्याच जोरावर केला. साइज पँटच्या कमरेचा.

अनघा
शेवंती, वय किती? पायात मुंग्या येतात का, की दुखणं कमरेतच राहतं? एक्स-रे काढलाय का? काम बसून की उभ्याने? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

मिठागर
पट्टा घेऊच नका. ब्रिटनच्या 'नाइस' या उपचारांबद्दल सूचना देणाऱ्या आरोग्य संस्थेच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचना वाचा. कंबरदुखीसाठी पट्टे आणि कोर्सेट देऊ नयेत असं त्यात स्पष्ट लिहिलंय. पट्ट्याने स्नायू आळशी होतात. रोज चाला आणि व्यायाम करा.

गिरणगावचा
@मिठागर, सूचना लिहिणारे सकाळच्या गर्दीत लोकलला लटकून जात नाहीत. दुखत असताना कामावर जावंच लागतं, तेव्हा आधार लागतो. मला फरक पडला तो मी सांगतोय.

मिठागर
काका, तुम्हाला फरक पडला तेव्हा तुम्ही गोळ्या घेत होता, आरामही करत होता. गादीचं दुखणं बऱ्याच जणांचं काही आठवड्यांत आपसूक उतरतं. श्रेय पट्ट्याला कसं देता येईल?

वैद्यबुवा
मूळ कारण वात. महानारायण तेल कोमट करून हलक्या हाताने चोळा, वरून निर्गुंडीच्या पाल्याचा शेक घ्या. कटिबस्ती, म्हणजे कमरेवर पिठाचं आळं करून त्यात कोमट तेल धरणं, केली तर पट्ट्याची गरज राहणार नाही. गादीवर झोपणं बंद करा, सतरंजी घ्या.

निवांत पाटील
मी पट्ट्याबद्दल बोलत नाही, एक प्रश्न विचारतो. सकाळी उठल्यावर कंबर किती वेळ आखडलेली असते? माझ्या धाकट्या भावाला विशीत असंच माकडहाडाच्या बाजूला दुखायचं. अर्धा-पाऊण तास आखडायचं, पहाटे दुखण्याने जाग यायची, हालचाल केली की बरं वाटायचं आणि बसून राहिलं की वाढायचं. सगळे पट्टे आणि तेलं करून झाली. शेवटी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टने, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरने, एमआरआय आणि एचएलए-बी२७ ही रक्ताची तपासणी करून घेतली, निघालं अँकिलॉझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे कण्याचा संधिवात. त्या आजारात सांध्यालाच सूज असते, तिथे पट्ट्याने काही होत नाही. मधली वर्षं फुकट गेली याचं आजही वाईट वाटतं, म्हणून कळकळीने विचारतोय.

कणाताठ
मी फिजिओथेरपिस्ट आहे. पाटीलांचा प्रश्न महत्त्वाचा आहे, आधी त्याचं उत्तर द्या. माझेही काही प्रश्न आहेत. अंथरुणात कूस बदलताना कळ येते का? एका पायावर उभं राहून सलवार घालताना? स्टेशनचा पूल चढताना? गाडीतून उतरताना एक पाय पुढे टाकला की? आणि बाळंतपण झालंय का, कधी?

शेवंती
वय ३२. मुंग्या नाहीत, पाय जड पडत नाही. सकाळी पाच-दहा मिनिटं आखडतं, मग सुटतं. शाळेत शिकवते, भायखळ्याला, दिवसभर उभी. डोंबिवलीहून येते. कूस बदलताना भयंकर कळ येते, सलवार तर आता पलंगावर बसूनच घालते, पूल चढताना प्रत्येक पायरीला. एक्स-रे काढलेला नाही. बाळ सात महिन्यांचं आहे, नॉर्मल डिलिव्हरी. दुखणं तो पोटात असतानाच सुरू झालं होतं. सगळे म्हणाले बाळंतपणानंतर थांबेल, थांबलं नाही. कडेवर घेते ते डाव्या बाजूला, उजवा हात मोकळा हवा म्हणून.
आता पट्ट्याचं सांगा.

सोनटक्का
अगं, मग बाळंतिणीचं पोट बांधलं नव्हतं का? आमच्याकडे सव्वा महिना जुन्या सुती साडीने आजी बांधायची. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. हल्ली हे कोणी करत नाही आणि मग कंबरा धरतात.

अनघा
डिंकाचे लाडू पावसाळ्यात? आमच्याकडे थंडीतच करतात.

सोनटक्का
बाळंतिणीला बाराही महिने चालतात. खारीक मात्र भाजून घ्यायची.

शेवंती
लाडवांसाठी वेगळा धागा काढा ना, प्लीज. पोट बांधलं होतं. पट्टा कोणता?

कणाताठ
वर्णनावरून हे मणक्याच्या गादीपेक्षा एसआय जॉइंटचं, म्हणजे माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड आणि खुब्याचं रुंद हाड जिथे जुळतात त्या सांध्याचं दुखणं वाटतं. गरोदरपणात या भागातले बंध सैल होतात. बहुतेकींचं नंतरच्या काही महिन्यांत बरं होतं, काहींचं रेंगाळतं. पक्कं निदान हात लावून तपासल्यावरच होईल.

तुमचा एलएस बेल्ट खराब नाही, जागा चुकतेय. तो पोटाभोवती बसतो आणि कमरेचे मणके धरतो. तुमचा सांधा त्याच्या खाली आहे. तुम्हाला हवा तो एसआय बेल्ट: अरुंद, दोन-तीन इंचांचा, न ताणणाऱ्या कापडाचा, वरून दोन्ही बाजूंना ओढायचे इलॅस्टिकचे पट्टे असलेला. खोक्यावर 'सॅक्रो लंबर' वाचून फसू नका. त्या नावाने विकला जातो तो बहुतेक वेळा रुंद कमरेचाच पट्टा असतो.

पैसे घालण्याआधी घरी हे करून बघा. उताणं झोपा, पाय सरळ. उजवा पाय गुडघ्यात न वाकवता वीतभर, म्हणजे साधारण २० सेंटिमीटर उचला. किती जड जातोय, किती दुखतंय ते लक्षात ठेवा. मग घरातल्या कोणाला तरी तुमच्या खुब्यांच्या दोन्ही बाजूंनी तळहात ठेवून आत दाबून धरायला सांगा आणि तोच पाय पुन्हा उचला. हलका वाटला तर पट्ट्याने फायदा होण्याची शक्यता चांगली. काहीच फरक नसेल किंवा जास्त दुखलं तर पट्टा घेऊ नका.

गिरणगावचा
म्हणजे रुंद पट्टा चुकीचा? मला तर डॉक्टरांनीच दिला होता.

कणाताठ
काका, तुमचं दुखणं मणक्याचं होतं, तिथे तुमच्या डॉक्टरांनी विचार करूनच दिला असेल. हिचं दुखणं दुसऱ्या जागी आहे. साइज मात्र पँटवरून कोणीच घेऊ नका. एलएस बेल्टला बेंबीच्या पातळीवर टेपने माप घ्यायचं. पँटवरचा आकडा आणि अंगाचं माप यांत बऱ्याचदा दोन-तीन इंचांचा फरक निघतो.

मिठागर
पण 'नाइस'च्या सूचनांचं काय?

कणाताठ
त्या सूचना कंबरदुखी आणि सायटिका, म्हणजे कमरेतून पायात उतरणारी कळ, यांसाठी आहेत. बाळंतपणाशी जोडलेलं ओटीपोटाच्या सांध्यांचं दुखणं वेगळं धरलं जातं, आणि तिथे असा पट्टा थोड्या काळासाठी वापरून बघतात. व्यायामाबद्दल मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत. काही आठवडे पट्टा लावून स्नायू कायमचे दुबळे होतात हे सिद्ध झालेलं नाही, पण पट्टा लावून व्यायाम टाळला तर दुखणं तसंच राहतं.

शेवंती
करून बघितलं. नवऱ्याने दाबून धरल्यावर पाय खरंच पटकन उचलला गेला. आता माप कुठून घेऊ आणि बांधू कसा?

कणाताठ
पुढे दोन्ही बाजूंना हाताला लागणारी हाडाची टोकं आहेत ना, साडीची निरी खोचतो त्याच्या दोन्ही अंगांना, त्यांच्या खाली पट्टा बसतो. बाजूला मांडीच्या वरचं जाड हाड लागतं, त्याच्या किंचित वर. मागे त्रिकोणी हाडावर, नितंबांच्या वरच्या भागावर. टेप याच गोल रेषेत फिरवायचा, पोटावरून नाही. मग त्या कंपनीचा साइजचा तक्ता बघा, कारण एकाचा मीडियम दुसऱ्याचा लार्ज असतो.

बांधताना झोपून, गुडघे वाकवून बांधा. आधी मधला पट्टा, मग बाजूचे इलॅस्टिक दोन्ही हातांनी सारखं ओढा. बोट आत सरकलं पाहिजे. खाली बसल्यावर जांघेत रुततो आहे किंवा पायात मुंग्या येताहेत असं झालं तर सैल करा. आपल्या हवेत घामोळं येतं, म्हणून आत पातळ सुती कपडा असू द्या. प्रवास, पूल, वर्गात उभं राहणं, एवढ्यापुरता लावा. झोपताना काढा. कडेवर घेण्याची बाजू बदलत राहा, किंवा बाळाला दोन्ही खांद्यांच्या झोळीत घ्या.
व्यायाम एकदा समोरासमोर शिकून घ्या. सुरुवात बहुतेक उताणं झोपून कंबर उचलण्यापासून होईल.

आणि लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेतली जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेना झालं, तर धाग्यावर विचारत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. ताप येऊन कंबर दुखली तरी वाट बघू नका.

अनघा
तयार पट्टा बसला नाही तर हाजीअलीला फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनची केंद्र सरकारी संस्था आहे, तिथे मापाने पट्टे आणि पायाला आधार देणारे कॅलिपर बनवणारा विभाग आहे. महालक्ष्मी स्टेशनला उतरा. सकाळी लवकर जा, केसपेपरची रांग असते.

वैद्यबुवा
तेल तरी लावाच. अंगावर पाजत असाल तर पोटात घ्यायची औषधं विचारल्याशिवाय घेऊ नका.

शेवंती
पाजतेय, म्हणून डॉक्टरांनी फक्त पॅरासिटामॉल दिलीय. माप घेतलं, ३९ इंच आलं. एसआय बेल्ट मागवलाय, रविवारपर्यंत येईल. शनिवारी शाळेजवळच्या फिजिओकडे वेळ मिळाली. कणाताठ, पाटील, मनापासून धन्यवाद. बसमध्ये पट्टा लावूनच बसू ना? आठ-दहा तास जातील.

कणाताठ
बसताना थोडा सैल करा, उतरण्याआधी पुन्हा आवळा. बस थांबेल तिथे उतरून चार पावलं चाला.

लालपरी
रिझर्वेशन झालं नसेल तर आजच करा, गणपतीच्या जादा गाड्या पटापट भरतात. सीट मधल्या रांगांतली घ्या, मागच्या चाकावरची किंवा शेवटची नको. माणगाव-महाडच्या पट्ट्यात मागे बसणाऱ्याची कंबर धडधाकट असली तरी बोलायला लागते. बाळ नवऱ्याकडे द्या आणि खिडकीऐवजी कडेची सीट घ्या, म्हणजे उठता-बसता वळावं लागणार नाही.