टाकी भरायचा जुना पेट्रोल कॉम्प्रेसर घ्यावा का? (पैठण)

नाथसागरकाठचा:

राम राम मंडळी. मी पैठणजवळचा. शेती हाय, पण अर्धं पोट पाण्याखालच्या कामावर चालतंय. नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या बॅकवॉटरला शेतकऱ्यांच्या मोटारी असतात. फुटव्हॉल्वमधी मासेमारीचं जाळं अडकतं, दोर तुटून मोटार गाळात जाती. मग मला फोन. कधी पोलीस पाटलाचा येतो, तेव्हा ताट तसंच सारून उठावं लागतं. पाण्यात हातभर दिसलं तरी नशीब, सगळं चाचपून करायचं.

पाच वर्षांखाली तारकर्लीला पाठीवर हवेची टाकी बांधून बुडी मारायला शिकलो. माझ्याकडं 11 लिटरच्या 3 अ‍ॅल्युमिनियमच्या टाक्या हायत. 200 बारला (बार म्हणजे दाबाचं माप) एका टाकीत 2200 लिटर हवा बसती. 10 मीटरवर मिनिटाला 40 लिटर जातेत, 50 बार राखले की हातात राहतेत 40 मिनिटं. गाळातली मोटार काढायची तर तीही पुरत नाहीत. तीन टाक्या संपल्या की पुण्याला पळा, जाऊन-येऊन 400 किलोमीटरच्या आसपास. मागच्या महिन्यात गेलो तर भरणारा लग्नाला गेलेला! रिकाम्या टाक्या घेऊन तसाच माघारी.

आता एक जण जुना कॉम्प्रेसर विकायलाय. पेट्रोल इंजिन, तीन टप्प्यांचा, मिनिटाला 100 लिटर, दोघांनी उचलायचा. मागतोय 1 लाख 80 हजार. धरणाकाठी लाईट नाही, आणि शेतात थ्री फेज यायची ती बऱ्याचदा रात्रीची, म्हणून पेट्रोलचा बघायलो. मेव्हणा म्हणतोय, "एवढे पैसे कामून घालतोस? पंक्चरवाल्याच्या मशीनवर भर की." त्याला काय सांगू? आणि घेताना काय काय बघू?

जालन्याचा फिटर:

मेव्हण्याला सांगा, पंक्चरवाल्याची मशीन 8-10 बारला दमते. तुम्हाला 200 पाहिजेत. आणि तिच्यात टाकलेलं ऑईल लोखंडासाठी असतं, फुप्फुसासाठी नाही.

मी 22 वर्षं कारखान्यात कॉम्प्रेसरच उघडतोय. श्वासाच्या हवेच्या मशीनला वेगळं ऑईल लागतं. जुन्या मालकानं कोणतं ओतलं, डबा दाखव म्हणा. डबा नसला तर भाव तिथंच पाडा.

दुसरं, मशीन चालू असताना ड्रेन कॉक (साचलेलं पाणी सोडायची तोटी) तुमच्या हातानं उघडा. हवा दाबली की तिच्यातला ओलावा पाणी होऊन गळतो, त्यात थोडं तेल असतंच. पांढरं, पातळ मठ्ठ्यासारखं थुंकलं तर ठीक. काळपट आणि तेलच जास्त आलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्या समजा. हा कॉक दर 10-15 मिनिटांनी उघडायचा असतो. कंटाळा केला की ते सगळं फिल्टरात जातं.

फिल्टर हेच खरं मशीन, बाकी नुसता पंप आहे. आत ओलावा शोषणारे दाणे, तेलाची वाफ आणि वास धरणारा कोळसा, आणि पेट्रोलवाल्यात हॉपकॅलाईट असलाच पाहिजे. हॉपकॅलाईट कार्बन मोनॉक्साईडचा कार्बन डायऑक्साईड करतो, पण ओला झाला की मेला. म्हणजे दाणे दमले की कोळसाही गेला आणि हॉपकॅलाईटही. पुस्तिकेत फिल्टरचे तास लिहिलेले असतात ते 20 अंशांचे. आपल्याकडं मे महिन्यात 42 असतं. 40 अंशांला त्याच्या निम्मे तासही मिळत नाहीत. पहाटे भरा, सावलीत भरा.

वेळेचा हिशोबही करून ठेवा. 2200 ला 100 नं भागून 22 मिनिटं येतात ती कागदावर. ड्रेन, थांबणं धरून अर्धा तास. भरताना टाकी तापते, निवली की काटा 10-15 बार खाली येतो. मग लोक म्हणतात मशीन गळतं!

गोदाकाठ_नांदेड:

इंजिनाच्या धुरावरच बोलतो, बाकी काकांनी सांगितलंय.

आमचा पेट्रोलचाच होता. हवा ओढायचा पाईप 4 मीटर लांब, बांबूला बांधून वर, धुराच्या उलट्या बाजूला. दुपारी भरायला लागलो तेव्हा वारा पश्चिमेचा. दिवस कलल्यावर वारा फिरला, आम्ही मात्र तंबाखू मळत बसलो. दुसऱ्या दिवशी विहिरीत 8 मीटरवर गेलो आणि कपाळात घण बसायला लागले. वाटलं, रात्री झोप झाली नाही. वर आलो, ओकलो, दोन तास बाजेवर पडून. टाकीच्या हवेला वासच नव्हता. मोनॉक्साईडला वास नसतो हो. वरून 10 मीटरवर दाब दुप्पट, म्हणजे तेवढंच विष अंगाला दुपटीनं लागतं. श्वासाच्या हवेचं युरोपातलं मानक दहा लाख भागांत 5 भागांच्या वर मोनॉक्साईड चालवून घेत नाही, आणि आम्ही धुराड्याशेजारी बसून भरायलो होतो.

तेव्हापासून बांबूच्या टोकाला साडीची चिंधी बांधली. चिंधी फिरली की इंजिन बंद. मोनॉक्साईड मोजायचं छोटं यंत्रही घेतलं, टाकी उघडून त्याच्यावर हवा सोडायची, मगच श्वास घ्यायचं रेग्युलेटर लावायचं.

आणि मशीन विहिरीच्या काठाला लावू नका. विहिरीत इंजिन उतरवून माणसं गेलेली आपल्या भागात प्रत्येक तालुक्याला माहीत आहेत.

मालवणचा_बुडीवाला:

एक गोष्ट कोणी बोललं नाही. नाथसागर भरला की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून 460 मीटरच्या वर असते. 300 मीटरच्या वर गेलात की ती उंचीवरची बुडी धरतात. किती खोलीवर किती वेळ राहायचं, तो तारकर्लीला शिकवलेला तक्ता तिथं जसाच्या तसा वापरू नका. मनगटावर डाईव्ह कॉम्प्युटर असेल तर उंचीची सेटिंग बघून घ्या. गाळात घाम गाळून परत परत उतरणाऱ्याला हे जास्त लागू.

टाकीच्या खांद्यावर हायड्रोटेस्टची (पाण्याच्या दाबानं केलेल्या तपासणीची) तारीख कोरलेली असते, तीही बघा. पुण्यात भरणारा ती बघून नाही म्हणत होता, घरच्या मशीनला कोण नाही म्हणणार?

जालन्याचा फिटर:

हे बरोबर. आणि कागदाचं राहिलं. सिलिंडरात दाबानं वायू भरायचा म्हणजे गॅस सिलिंडर नियम 2016 आले. ते बघणारं केंद्र सरकारचं खातं म्हणजे पेसो, त्याचं मुख्यालय नागपूरला आहे. स्वतःच्या टाक्यांना काय लागतं, पैसे घेऊन दुसऱ्याच्या भरायच्या तर काय लागतं, हे तिथंच लेखी विचारा. गावात मशीन आलं की आठवड्यात तुमच्या दारात दुसऱ्यांच्या टाक्या येणार, लिहून घ्या.

नाथसागरकाठचा:

काल जाऊन आलो. ऑईलचा डबा मागितला तर गाडीच्या ऑईलचा पुढं केला. फिल्टर कधी बदलला विचारलं, तर "मागच्या दिवाळीला की त्याच्या मागच्या." तास मोजायचं मीटर बंद. ड्रेन उघडला तर रुमालावर काळा डाग, अजून गेला नाही, बायको विचारायली कशाचा. आणि सायलेन्सर हवा ओढायच्या तोंडापासून दीड हातावर!

मालक भला माणूस हाय. दोन वर्षं त्याच हवेवर त्याच्या पोरानं बुड्या मारल्या म्हणाला, अभिमानानं. मी त्याला नांदेडच्या भाऊंचा किस्सा वाचून दाखवला. लई वेळ गप्प बसला. मग 90 हजारांवर आला.

काका, 90 ला घेऊन वरून रिंगा, धुवून नवीन ऑईल, पूर्ण नवा फिल्टर आणि 5 मीटरचा पाईप घातला तर जमंल का? का सोडून देऊ?

जालन्याचा फिटर:

मशीनच्या डोक्याचं झाकण उघडल्याशिवाय सांगत नाही. सिलिंडरला ओरखडे असतील तर 90 सुद्धा जास्त. त्याला म्हणा, रविवारी जालन्याला आणतो, मशीन बरं निघालं तर पैसे. नको म्हणाला तर उत्तर मिळालंच.

नाथसागरकाठचा:

हो म्हणाला. पोराला पण सोबत पाठवतोय, त्याला बघायचंय म्हणे. 10 पर्यंत पोचतो.

जालन्याचा फिटर:

या. येताना गावचा मठ्ठा आणा. ड्रेनमधला नको.