एमजीबीचे सस्पेन्शन मूळ ठेवावे की बदलावे?

प्रश्न (म्हापसा): नमस्कार मंडळी. माझ्या 1967 सालच्या एमजीबी रोडस्टरचे (उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) पत्रेकाम पूर्ण झाले आहे. पुढच्या लीव्हर आर्म डॅम्परमधून (भुजेने चालणारा, धक्के शोषणारा जुन्या पद्धतीचा तेलाचा भाग) तेल गळते आणि मागचे स्प्रिंगचे पाटे बसले आहेत. टेलिस्कोपिक शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे किट, कडक पाटे आणि पॉलियुरेथेनचे (कडक प्लास्टिकसारखे) बुश, म्हणजे सांध्यांतल्या गाद्या, एकदमच बसवावेत काय? गाडी मुख्यतः पणजीपर्यंत आणि कधीतरी चोर्ला घाटात जाईल.

उत्तर (फोंडा): एकदम सगळे बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या गाडीत पुढच्या डॅम्परची भुजा हीच सस्पेन्शनची वरची भुजा असते, त्यामुळे डॅम्परचा शाफ्ट झिजला की चाकाचा कोनही बिघडतो आणि कितीही चांगली स्प्रिंग घातली तरी गाडी सरळ चालत नाही. म्हणून मूळ डॅम्पर नीट दुरुस्त करून घ्यावेत. त्याआधी किंगपिन (ज्यावर पुढचे चाक डावी-उजवीकडे वळते ती पिन) तपासा: चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावे आणि त्याच वेळी दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे; ब्रेक दाबूनही खडखड राहिली तर दोष बेअरिंगमध्ये नसून बहुधा किंगपिनमध्ये आहे.

उत्तर (मडगाव): वरील मताशी सहमत. बुश मात्र एमजीबी व्ही8चे (याच गाडीची आठ सिलिंडरची आवृत्ती), पोलादी नळीचे रबरी घ्यावेत. पॉलियुरेथेन आपल्या खड्ड्यांत कडक लागते. गाडी खाली बसवू नका, गतिरोधकावर सायलेन्सर घासेल. आपल्या खाऱ्या हवेत पाट्यांचे शॅकल (पाट्याचे टोक गाडीला जोडणारी हलती कडी) आणि ते जिथे जोडले जातात तो पत्रा गंजतो, तेव्हा नवे पाटे चढवण्यापूर्वी तिथे टोचणी मारून पाहावे.