'स्टिरिओटाइप'साठी 'साचा' चालेल का? आणि 'बायकी'चं काय करायचं?

प्रश्न : 'जेंडर स्टिरिओटाइप'ला मराठीत 'लिंगभावाच्या ठोकळेबाज प्रतिमा' म्हणतात. बोलताना हे जड जातं. सुटसुटीत शब्द आहे का? शिवाय भाषांतरात 'बायकी' हा शब्द वापरावा का?

उत्तर : मी 'साचा' वापरते. मूळ शब्द छापखान्यातलाच आहे : जुळवलेल्या खिळ्यांवरून ओतलेला अखंड ठसा. अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ साली तो डोक्यात पक्क्या बसलेल्या समजुतींसाठी वापरला. प्रतिमा बघणाऱ्यापाशीच राहते. साच्यात मात्र माणूस घडतो, आणि हा अर्थ निसटता कामा नये.

आता 'बायकी'. मुलाला 'बायकी' म्हटलं की टोमणा, बाईला 'मर्दानी' म्हटलं की शाबासकी. ही तफावत मला फार खुपते. टोमणा खाल्लेला मुलगा हातवारे आवरतो, रडू आलं की आवंढा गिळतो. काही वर्षांनी तोच ठामपणे सांगतो, 'मला रडूच येत नाही, माझा स्वभावच तसा.'

बघणाऱ्याचंही तेच. जॉन आणि सँड्रा काँड्री या संशोधकांनी १९७६ साली नऊ महिन्यांच्या एकाच बाळाचं चित्रण लोकांना दाखवलं. काहींना तो मुलगा असल्याचं सांगितलं, काहींना मुलगी. डबीतून टुणकन वर येणारं खेळणं बघून बाळ रडू लागलं. मुलगा समजणाऱ्यांना त्यात राग जास्त दिसला, मुलगी समजणाऱ्यांना भीती. बाळाला दटावायचं की जवळ घ्यायचं, हे मग त्यावरच ठरणार!

दुसरं मत : 'साचा' पटला. पण 'ती साच्यात बसत नाही' असं लिहिलं की दोष तिच्याकडे जातो.

उत्तर : बरोबर, म्हणून क्रियापद जपून निवडावं. 'तिला साच्यात बसवतात' म्हटलं की बसवणारे दिसतात. लिन बियान आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासात 'खूप खूप हुशार' माणूस म्हणून पाच वर्षांचे मुलगे जितक्या सहज पुरुषाकडे बोट दाखवत होते, तितक्याच सहज त्या वयाच्या मुली बाईकडे दाखवत होत्या. सहा-सात वर्षांच्या मुली कमी. 'खूप हुशार मुलांसाठी' म्हणून सांगितलेल्या खेळातही या मोठ्या मुलींना रस कमी होता. इथे 'मुली मागे पडतात' असं लिहिणं मला चुकीचं वाटतं.

'बायकी' पात्राच्या तोंडी असेल तर तसाच ठेवा, टोमणा टोमण्यासारखाच लागू दे. निवेदनात मात्र जे दिसतं ते लिहा : 'आवाज बारीक आहे', 'हळुवार बोलतो'.