जोन्स, ओब्रायन, वॉकर... ही आडनावं आली कुठून?

मुक्काम_कार्डिफ: नोकरीसाठी इथे वेल्समध्ये, कार्डिफला आलोय. ऑफिसात डेव्हिस, विल्यम्स, इव्हान्स असे मोजक्या आडनावांचेच लोक, आणि जोन्स तर विचारूच नका, कुठला जोन्स ते दरवेळी विचारावं लागतं. आयरिश मंडळी बघावी तर ओ नाहीतर मॅक. यात काही लॉजिक आहे का?

बखरवाला: वेल्समध्ये पूर्वी कायमचं आडनावच नसायचं हो. मुलाचं नाव, मग 'अप' म्हणजे मुलगा, मग बापाचं नाव, की झालं. १२८२ साली मारला गेलेला त्यांचा राजा लेवेलिन अप ग्रिफिद, म्हणजे ग्रिफिदचा पोरगा. पुढच्या पिढीत शेपूट बदलणार. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या १५३६ आणि १५४३च्या कायद्यांनी कोर्टकचेरी इंग्रजीत गेली आणि मग हळूहळू जे नाव कागदावर चढलं तेच चिकटलं. अप रीसचं प्राइस, अप हवेलचं पॉवेल, अप ह्यूचं प्यू, अब ओवेनचं बोवेन. बाकीच्यांनी सरळ बापाच्या नावाला इंग्रजी 'स' जोडला, आणि जॉन घरोघरी असल्यामुळे जोन्सही घरोघरी. गंमत म्हणजे वेल्शच्या जुन्या वर्णमालेत 'जे' अक्षरच नाही! खेड्यापाड्यांत तर ही बापाच्या नावाची पद्धत अठराव्या-एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू होती. आणि कुठला जोन्स हा प्रश्न त्यांनाही पडतोच, म्हणून दूधवाला असेल तर 'जोन्स द मिल्क'.

सिलीपॉइंट: आयरिश मी सांगतो. मॅक म्हणजे मुलगा, ओ म्हणजे नातू, पण अर्थ घ्यायचा वंशज असा. २०११च्या वर्ल्डकपमध्ये बंगळुरूला इंग्लंडला धुणारा केव्हिन ओब्रायन आठवतोय ना? ओब्रायन म्हणजे १०१४ साली क्लॉन्टार्फच्या लढाईत पडलेल्या राजा ब्रायन बोरूचे वंशज. फिट्झ मात्र आयरिश नव्हे, ते फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन लोकांनी आणलं, अर्थ तोच, मुलगा. बायकांच्या आयरिश नावात ओ नसतो, लग्नाआधी 'नी' लागतं. इंग्रजांनी १४६५ला कायदाच केला होता की डब्लिनच्या आसपासच्या आयरिशांनी इंग्रजी आडनाव घ्यायचं, गावाचं, रंगाचं नाहीतर धंद्याचं. त्यामुळे डब्लिनचा व्हाइट किंवा स्मिथ बघून तो इंग्रजच असेल असं धरून चालू नका.

लेकुरवाळी: धंद्यावरून आलेली आडनावं खास इंग्लंडची. फ्लेचर बाण करणारा, कूपर पिंपं करणारा, वेनराइट गाड्या बनवणारा. माझं लाडकं उदाहरण लोकरीच्या कापडाचं. विणलेलं कापड ओलं करून तुडवायचे म्हणजे ते घट्ट व्हायचं, हे काम करणारा उत्तरेत वॉकर (पायाने तुडवतो म्हणून), आग्नेयेला फुलर आणि नैर्ऋत्येला टकर. एकच धंदा, तीन आडनावं!!

मुक्काम_कार्डिफ: भारी माहिती, आभार सगळ्यांचे. मग क्रिकेटर इयॉन मॉर्गन कुठला धरायचा? आणि आमचे साहेब वॉन आहेत, ते?

सिलीपॉइंट: मॉर्गन जन्मला डब्लिनला, २०२२पर्यंत कॅप्टन होता इंग्लंडचा, आडनाव वेल्श. घ्या!

बखरवाला: वॉन पण वेल्शच. बापलेकांचं नाव एकच असलं की लेकाला 'वखन' म्हणायचे, धाकटा. त्याचं इंग्रजांनी वॉन केलं. साहेबांना सांगू नका एवढंच 😄