मदत हवी आहे: दिल्लीत एकच दिवस, निजामुद्दीनला उतरून रात्री जुन्या दिल्लीहून गाडी

राजारामपुरी_आठवी_गल्ली
डिसेंबरात मिरजेहून गोवा एक्स्प्रेसनं बुधवारी सकाळी हजरत निजामुद्दीनला उतरणार. रात्री साडेदहाला जुन्या दिल्ली स्टेशनवरून हरिद्वारची गाडी. आम्ही पाचजण: आई, बाबा (गुडघ्याचा त्रास, जिने जमत नाहीत), आम्ही दोघं आणि आठवीतला मुलगा. बॅगा चार. यादी अशी: लाल किल्ला, कुतुबमिनार, नॅशनल म्युझियम, रेल्वे म्युझियम, अक्षरधाम, इंडिया गेट. कसं बसवायचं? सामान कुठं ठेवायचं?

यमुनापार_करवीरकर
दादा, यादीतली निम्मी नावं आत्ताच खोडा. अक्षरधामला मोबाईल, कॅमेरा सगळं बाहेर जमा करावं लागतं. त्या रांगा धरल्या तर अर्धा दिवस तिथंच जातो. कुतुब दक्षिणेला पार टोकाला आहे. बुधवार धरलात हे मात्र उत्तम. सोमवारी नॅशनल म्युझियम, रेल्वे म्युझियम, लाल किल्ला आणि अक्षरधाम, चारही बंद.

उलट यादीत नसलेलं एक ठिकाण घाला: हुमायूनचा मकबरा. निजामुद्दीन स्टेशनपासून रिक्षानं जेमतेम दोन किलोमीटर, आणि सूर्योदयापासून उघडा. नॅशनल म्युझियम दहाला उघडतं, तोवर सकाळ इथं सत्कारणी लागते. चौथऱ्यावर जायच्या पायऱ्या उंच आणि उभ्या आहेत, बाबांना चढवू नका. खालच्या चारबागेतून (चार भागांत आखलेल्या बागेतून) इमारत पुरती दिसते, लाल दगडातलं पांढऱ्या संगमरवराचं काम तर खालूनच खुलतं. २०२४ मध्ये प्रवेशाजवळ जमिनीखाली नवं संग्रहालय झालंय, त्याचं तिकीट वेगळं. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. मुलाचं आधार कार्ड जवळ असू द्या.

सामान निजामुद्दीनच्या क्लोकरूममध्ये. प्रत्येक बॅगेला कुलूप पाहिजे आणि रेल्वेचं तिकीट दाखवावं लागतं. तोंड बांधलेल्या पिशव्या घेत नाहीत, त्यामुळं चटणीचे डबे बॅगेत कोंबूनच निघा.

रंकाळा_चौपाटी
लाल किल्ला न बघता दिल्ली? कायतरीच काय भावा! दिवाण-ए-खासचं चांदीचं छत १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उतरवून फौजेचा पगार भागवला. मराठी माणसानं ती जागा बघायला नको?

यमुनापार_करवीरकर
बघायला पाहिजेच, पण लाहोरी दरवाज्यातून दिवाण-ए-खासपर्यंतची चाल गुडघ्यांना झेपणारी नाही. तिघांनाच जायचं असलं तर म्युझियम संपल्यावर केंद्रीय सचिवालय स्टेशनवरून व्हायोलेट लाइन धरा. थेट लाल किला स्टेशनला उतरता येतं, गाडी बदलायची नाही.

टाऊनहॉल_बाग
नॅशनल म्युझियमबद्दल थोडं. पत्ता जनपथ असा आहे म्हणून लोक जनपथ मेट्रो स्टेशनला उतरतात आणि कॅनॉट प्लेसजवळ निघतात. तिथून म्युझियम लांब. मेट्रोनं जायचं तर केंद्रीय सचिवालयला उतरायचं. तुम्ही मात्र मकबऱ्यापासून सरळ टॅक्सी करा, बाबांना मेट्रोची चढउतार नको. पाचजण आहात, तेव्हा मोठी गाडी सांगा. म्युझियमच्या दारातच बाबांसाठी चाकाची खुर्ची मागून घ्या.

सगळी दालनं बघायच्या नादाला लागू नका. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत पाय आणि डोकं दोन्ही बंद पडतात. अडीच तास धरा आणि हडप्पा दालनापासून सुरुवात करा. मोहेंजोदडोची नर्तकी, ब्राँझची मूर्ती, तिथं आहे. पुस्तकातल्या फोटोमुळं ती हातभर वाटते, प्रत्यक्षात साडेदहा सेंटिमीटर, त्यामुळं लोक तिच्यासमोरून निघून जातात आणि पुढं जाऊन विचारतात कुठाय म्हणून. मुलाला सांगा, डावा हात बघ, खांद्यापर्यंत बांगड्या; उजव्या हातात चारच, आणि तो कमरेवर. आपल्या कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममधला ब्रह्मपुरीचा पोसायडन (ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझ मूर्ती) त्यानं बघितला असेल तर एवढ्याशा ओतीव कामात काय मावतं ते त्याला लगेच कळेल. त्यानंतर बौद्ध दालनात पिप्रहवाचे अवशेष (बुद्धांच्या अस्थी), मग चोळांच्या काळातल्या ब्राँझ मूर्ती. वेळ उरला तर शस्त्रं.

यमुनापार_करवीरकर
जेवायला कस्तुरबा गांधी मार्गावरचं नवं महाराष्ट्र सदन, टॅक्सीनं जवळ. तांबडा-पांढरा डोक्यातून काढून जा, म्हणजे जेवण गोड लागेल.

त्यानंतर नॅशनल वॉर मेमोरियल आणि इंडिया गेट, दोन्ही शेजारी. मेमोरियल २०१९ चं आहे, तिकीट नाही. परमवीरचक्र विजेत्यांचे अर्धपुतळे एका बाजूला आहेत, ते चुकवू नका. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारासच सूर्य मावळतो, म्हणून साडेतीनला तिथं पोचा. रेल्वे म्युझियम चाणक्यपुरीत, दिशा वेगळी. मुलानं हट्टच धरला तर इंडिया गेटच्या ऐवजी ते, दोन्ही नाही.

राजारामपुरी_आठवी_गल्ली
झकास. मग लाल किल्ला आणि रेल्वे म्युझियम दोन्ही सोडतो. पण बॅगा निजामुद्दीनला आणि गाडी जुन्या दिल्लीहून, हे कसं जुळवायचं? आणि धुक्यानं गाडी लेट झाली तर?

यमुनापार_करवीरकर
इंडिया गेटवरून सहाला निघा. बॅगा उचलून निजामुद्दीनहूनच टॅक्सी करा. संध्याकाळी रिंग रोड तुंबतो, जुन्या दिल्लीपर्यंत दीड तास हाताशी ठेवा. मेट्रोच्या भानगडीत पडू नका: निजामुद्दीनचं मेट्रो स्टेशन सराय काले खांच्या बाजूला आहे, दिल्ली हाट-आयएनएला एकदा गाडी बदलायची, प्रत्येक बॅग मशीनमधून जाणार, आणि सातच्या गर्दीत चार बॅगा घेऊन डब्यात शिरणं म्हणजे कुस्तीच. टॅक्सीवाल्याला 'पुरानी दिल्ली स्टेशन' असं स्पष्ट सांगा. नुसतं 'दिल्ली स्टेशन' म्हटलं की पुष्कळजण नवी दिल्लीला नेतात.

धुक्याचं म्हणाल तर गाडी साडेनऊपर्यंत आली तर मकबरा बाहेरून बघून घ्या. त्यापुढं गेली तर तो सोडा आणि सामान ठेवून थेट म्युझियम. दुपारी एकनंतर आली तर म्युझियमला दीड तास, फक्त हडप्पा आणि ब्राँझ, मग वॉर मेमोरियल. जेवण गाडीतच उरकून घ्या.